नव्या धाटणीची गलोल : हलत्या नेमासाठी कितपत उपयोगी?

गेल्या दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन बाजारातून नव्या धाटणीची एक गलोल मागवली. त्यानंतरचे चार महिने, पुण्यात घरातल्या लांब पॅसेजमध्ये जुनी गोधडी टांगून आणि आजोळी गेले की मामांच्या गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत, मी ती नियमाने वापरली. किंमत १,४५० रुपये पडली. विक्रीच्या पानांवर या वस्तूविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात ते जवळजवळ सगळे स्थिर नेमाविषयीचे आहेत. कोणी भिंतीवर कागद चिकटवलेला असतो, कोणी कठड्यावर बाटल्या मांडलेल्या असतात. मला ती हवी होती हवेत उडवलेल्या डब्यासाठी, दोरीला टांगून झुलवलेल्या बाटलीसाठी आणि उतारावरून सोडलेल्या सायकलच्या टायरसाठी, म्हणून हे परीक्षणही त्याच एका अंगाने लिहिले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. एकाच साच्यातून निघालेली ही चौकट चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकली जाताना मी पाहिली आहे.

या हट्टामागे मामा आहेत. सांगली जिल्ह्यात माझे आजोळ. मामांनी आयुष्यभर एसटीची बस चालवली आणि आता सत्तरी ओलांडल्यावर ते शेत पाहतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा भाचरांना ते एक खेळ करून दाखवीत. उजव्या हाताने रिकामा डबा सरळ वर उडवायचा, त्याच हाताने बेचकीचे कातडे पकडून ओढायचे आणि डबा खाली येण्याआधी त्यावर ‘ठण्ण’ असा आवाज काढायचा. मुलगी म्हणून मला कोणी वगळले नाही, पण तेव्हा माझ्या हाताला तेवढी ताकद नव्हती. चाळिशी उलटल्यावर मी हा खेळ पुन्हा शिकायला घेतला आणि मामांची लाकडी बेचकी त्यांच्याकडेच राहावी म्हणून स्वतःसाठी ही नवी वस्तू घेतली.

पेटीत पुढील गोष्टी आल्या: आत पोलादी पत्रा आणि बाहेर कडक प्लॅस्टिक असलेली चौकट, लॅटेक्सच्या चपट्या पट्ट्यांचे चार जोड (दोन अर्धा मिलिमीटर जाडीचे, दोन ०.७ मिलिमीटरचे), ८ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या, मनगटावर टेकणारी काढघाल करता येणारी कमान आणि चौकटीवर स्क्रूने बसणारा लाल प्रकाशाचा लेझर. माहितीपत्रक इंग्रजीत आहे. त्यात लेझर कसा बसवायचा याला दीड पान दिले आहे आणि डोळ्यांना चष्मा लावा हे मात्र कुठेही सांगितलेले नाही.

चौकटीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. मूठ हातात नीट बसते, घामाने सटकत नाही आणि दोन्ही टोकांमधले अंतर मामांच्या बेचकीपेक्षा थोडे जास्त असल्यामुळे गोळी चौकटीला लागण्याची भीती कमी होते. मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली, नखाने वाजवून पाहिली आणि “लाकूड न्हाय, पण बरं हाय” एवढाच शेरा दिला. त्यांची स्वतःची बेचकी चिंचेच्या फांदीची आहे आणि ती मोठ्या भावाने कापून दिली असे ते सांगतात. फांदीच्या दुबेळक्याला आपण बेचके म्हणतो, त्यावरून तिला बेचकी हे नाव पडले. गलोल हा शब्द मुळात मातीच्या गोळ्या मारायच्या धनुष्याचा, आणि पाखरे हाकायची गोफण ही तर दोन्हींहून निराळी. रबराची बेचकी त्या मानाने अगदी अलीकडची आहे. गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले आणि त्यानंतरच असे काही बनवणे शक्य झाले.

तेव्हा गलोलीचे मूल्यमापन करताना आधी रबर पाहावे लागते, आणि या वस्तूत पैसे वसूल होतात ते तिथेच. मामांच्या पिढीने लाल ट्यूब वापरली, कारण ती नैसर्गिक रबराची असे. पुढे बाजारात आलेली काळी ट्यूब ब्यूटिल रबराची असते. हवा धरून ठेवण्यात ती सरस, पण ताणून सोडल्यावर मूळ आकाराला परत येण्यात मंद. मामांच्या भाषेत, “काळीला वढलं तर येती, पर परत जायचा तिला कंटाळा.” त्यांच्याजवळची लाल ट्यूब कधीच संपली आणि गेली कित्येक वर्षे ते काळीवरच भागवत आहेत. लॅटेक्सच्या पट्ट्या शुद्ध नैसर्गिक रबराच्या असतात, मूळ लांबीच्या सुमारे पाचपट ताणल्या जातात आणि चौकटीकडे रुंद व कातड्याकडे निमुळत्या कापलेल्या असल्यामुळे सुटताना स्वतःचेच ओझे वाहण्यात फारशी शक्ती घालवत नाहीत.

फरक किती, हे मोजण्यासाठी मी मोबाईलवर आवाज मुद्रित केला. दहा मीटरवर डबा ठेवून गोळी सोडली, आणि पट्टीचा फटका व डब्याचा ठणका यांमधला वेळ आवाजाच्या आलेखावर पाहिला. आवाजाला दहा मीटर परत यायला लागणारा वेळ वजा केल्यावर नव्या गलोलीच्या गोळीला सुमारे ०.२ सेकंद लागले असे दिसले, तर मामांच्या बेचकीतून सुटलेल्या मातीच्या गोळीला ०.३ सेकंद. म्हणजे सरासरी वेग अनुक्रमे सेकंदाला ५० मीटर आणि ३३ मीटर. हे घरगुती मोजमाप आहे, त्यामुळे थोडेफार इकडेतिकडे धरावे. पण पुढे जे घडले त्याचा उलगडा या दोन आकड्यांनीच होतो.

पहिली कसोटी झुलत्या बाटलीची होती. आंब्याच्या फांदीला दोन मीटर दोरीने प्लॅस्टिकची बाटली टांगली आणि मामींनी ती दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाईल इतकी झुलवून दिली. अशा झोक्याची एक फेरी २.८ सेकंदांची असते. दोन्ही टोकांना बाटली क्षणभर थांबते, तिथे मारणे शिकाऊ माणसालाही जमते. मामांचा आग्रह मधोमध मारण्याचा, जिथे ती सर्वांत वेगाने जाते. नवी गलोल मामांच्या हाती दिली आणि जे कधी पाहिले नव्हते ते पाहिले: पहिल्या पाचही गोळ्या चुकल्या, आणि पाचही बाटलीच्या पुढून गेल्या. मामांनी गलोलीकडे संशयाने पाहिले. “ही लईच घाई करती,” ते म्हणाले. मग सहाव्या गोळीला बाटली उडाली, सातव्यालाही.

काय बदलले असे विचारले तेव्हा त्यांनी पंजा पसरून दाखवला. “दीड वीत सोडत होतो. हिला एकच पुरती.” मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. झोक्याच्या मध्यावर बाटलीचा वेग सेकंदाला सुमारे १.१ मीटर. गोळी ०.३ सेकंदांत पोहोचत असेल तर तेवढ्या वेळात बाटली ३३ सेंटिमीटर पुढे सरकते, आणि ०.२ सेकंदांत पोहोचत असेल तर २२ सेंटिमीटर. माझी एक वीत मोजली तर २१ सेंटिमीटर भरते, मामांची थोडी अधिक. मामांनी आयुष्यात हा हिशेब मांडलेला नाही. पाच गोळ्या चुकवून त्यांचा हात तो करून मोकळा झाला होता.

आता लेझरकडे येऊ, कारण विक्रीच्या पानावर सर्वांत मोठे चित्र त्याचेच आहे आणि माझ्या मते किमतीतला बराच भागही त्याचाच असावा. हलत्या नेमासाठी तो निरुपयोगी आहेच, शिवाय शिकणाऱ्याला तो चुकीची सवय लावतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर लाल ठिपका पडायला पृष्ठभाग नसतो, भर दुपारी तो डब्यावरही दिसत नाही. सर्वांत वाईट म्हणजे, बाटलीच्या एक वीत पुढे जिथे गोळी पाठवायची असते तिथे मोकळी हवा असते. ठिपका शोधण्याच्या नादात डोळे डब्यावरून हटतात आणि डोळे हटले की हातही थबकतो. मामांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले होते, “बेचकीकडं बघू नगस. डब्याकडं बघ, आन् डब्यावरची चिठ्ठी दिसाय पायजे.” डब्यावरच्या लेबलातले एखादे अक्षर नजरेने पकडायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि हाताला त्याचे काम करू द्यायचे, एवढीच त्यांची शिकवण आहे. मी लेझर बसवून दहा आणि लेझर काढून दहा अशा गोळ्या चार वेळा मारून पाहिल्या, आणि चारही वेळा लेझर काढल्यावर नेम अधिक लागले.

हे केवळ गावाकडच्या एका माणसाचे मत समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफल प्रकारात. तिथे लक्ष्य जागचे हलत नाही, म्हणून रायफलीवर बारीक जुळवणी करता येणारी, नेम धरण्यासाठीची दर्शिका असते. उलट राज्यवर्धनसिंह राठोड यांना २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळाले तो डबल ट्रॅप प्रकार उडत्या तबकड्यांचा. त्या बंदुकीच्या नळीवर छोटा मणी तेवढा असतो आणि नेमबाजाला नजर तबकडीवरच ठेवायला शिकवतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी लष्कराने ‘क्विक किल’ नावाच्या प्रशिक्षणात जवानांना दर्शिका काढून टाकलेल्या छर्ऱ्याच्या बंदुका देऊन हवेत उडवलेल्या चकत्यांवर सराव करायला लावला होता. लेझरचे चित्र छापणाऱ्यांनी यातले काहीतरी वाचायला हरकत नव्हती.

मनगटाची कमानही मी आठवडाभरात काढून ठेवली. जाड पट्ट्या ओढताना ती आधार देते हे खरे, पण मनगट जखडले की डब्यामागे हात वळवता येत नाही.

आणि जाड पट्ट्यांचे काय करायचे? मामांचा मूळ खेळ, म्हणजे स्वतःच डबा उडवून स्वतःच मारण्याचा, करून पाहताना याचे उत्तर मिळाले. हातातून सुटलेला डबा चार मीटर वर जात असेल तर त्याला वर पोहोचायला सुमारे ०.९ सेकंद लागतात. तेवढ्यात उजवा हात खाली आणायचा, गोळीसह कातडे चिमटीत धरायचे, गालापर्यंत ओढायचे आणि सोडायचे. ०.७ मिलिमीटरच्या पट्ट्यांनी मला ते एकदाही जमले नाही. ओढ पुरी होईपर्यंत डबा कमरेपर्यंत आलेला असे. अर्धा मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्यावर तिसऱ्या दिवशी पहिला ठणका ऐकू आला. मी वर दिलेला वेगही याच पातळ पट्ट्यांचा आहे. विक्रेते जाड पट्ट्या ‘अधिक शक्ती’ म्हणून पुढे करतात, पण रिकाम्या डब्याला शक्ती कशाला हवी?

या उडत्या डब्याच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. झुलत्या बाटलीवर पाच गोळ्या चुकवणाऱ्या मामांनी त्याच दिवशी त्याच नवख्या गलोलीने उडवलेला डबा पहिल्या फटक्याला मारला होता. तेव्हा मला तो योगायोग वाटला. पण डबा अगदी वर पोहोचून थांबतो त्या क्षणी गोळी थेट त्याच्या रोखाने सुटली, तर पुढच्या ०.२ सेकंदांत डबा जितका खाली येतो, साधारण २० सेंटिमीटर, तितकीच गोळीही आपल्या सरळ रेषेपासून खाली येते. गोळी मंद असेल तर दोघेही अधिक खाली येतात, पण सारखेच. त्यामुळे या एका नेमात गलोल वेगवान आहे की संथ याने फरक पडत नाही. पडतो तो सोडण्याच्या क्षणाने. मामा म्हणतात, “डबा वर जाऊन दम खातो. तो दम खातो तवा सोड.” नव्या गलोलीवर शिकायला सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच आधी डबा घ्यावा आणि बाटली नंतर घ्यावी, असे मी सुचवेन. उडवणारा दुसरा कोणी असेल तर त्याने मारणाऱ्याच्या मागे आणि बाजूला उभे राहावे. मामा या बाबतीत कोणाचेही ऐकत नाहीत.

टायरवर मी अजून कच्ची आहे. उतारावरून ते सेकंदाला तीनेक मीटरने येते, म्हणजे मधोमध लावलेल्या पुठ्ठ्यावर गोळी बसायची तर ती पुठ्ठ्याच्या ६० सेंटिमीटर पुढे, टायरच्याही बाहेर पाठवावी लागते. डोळ्यांना ते पटत नाही. दहांत दोन लागतात. डब्यावर दहांत सहा, बाटलीवर चार.

तक्रारी सांगायच्या तर पहिली गंभीर आहे. पातळ पट्ट्यांच्या एका जोडाची कड कापताना दातेरी राहिली होती. साधारण चाळिसाव्या ओढीला ती कातड्याजवळ तुटली आणि गालावर वळ उठला. डोळा वाचला तो चष्म्यामुळे, आणि चष्मा होता तो मामांमुळे. विक्रेत्याकडे छायाचित्रासह तक्रार केली, तेव्हा रबर ही झिजणारी वस्तू असल्यामुळे बदलून मिळणार नाही असे छापील उत्तर आले. झिजणे आणि कापतानाच खराब होणे यांत फरक आहे हे मी दोनदा लिहून कळवले. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी पट्टी उजेडासमोर धरून तिच्या कडांवरून बोट फिरवते, आणि बारीकशी चीर दिसली तरी ती कापून टाकते. लॅटेक्स उन्हाने आणि उघड्या हवेने लवकर मरते, हेही ध्यानात ठेवावे. गाडीच्या डिकीत राहिलेला माझा एक जोड महिन्याभरात चिकट झाला.

दुसरी तक्रार कातड्याची. ते कृत्रिम आहे आणि त्याला मधोमध भोक नाही, त्यामुळे गोळी दर वेळी वेगळ्या जागी बसते. मामांनी आरीने भोक पाडून दिले आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची फाकाफाक कमी झाली. तिसरी तक्रार पोलादी गोळ्यांची. ८ मिलिमीटरची गोळी जेमतेम दोन ग्रॅमची, पण दगडावर आपटली तर अंदाज न येणाऱ्या दिशेने परत उडते, आणि गवतात हरवली तर सापडत नाही. आम्ही त्या फक्त टांगलेल्या गोधडीसमोर वापरतो. उघड्यावर मामांच्या मातीच्या गोळ्या: तळ्यातली चिकणमाती मळून, तळहातावर वळून, सावलीत वाळवलेल्या. उन्हात ठेवल्या तर तडकतात. कशावरही आपटल्या की त्यांचा भुगा होतो, त्यामुळे परत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

जिवंत नेम आमच्याकडे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची भीती नंतरची. पाखरावर रोखलेली दिसली की बेचकी चुलीत जायची, हा आजीचा नियम त्याहून जुना होता. त्या नियमामुळेच मामांनी डबे, बाटल्या आणि शेवटी गोवऱ्या हे प्रकार शोधून काढले असावेत. वाळलेली गोवरी तबकडीसारखी फिरवत उडवली आणि तिच्या मधोमध गोळी बसली की हवेतच तिचा भुगा पसरतो. यापेक्षा देखणे दृश्य या खेळात मी पाहिलेले नाही, पण मामी ते दिवसाला दोनच वेळा पाहू देतात, कारण जळण त्यांना थापावे लागते.

खरेदीविषयी विचाराल तर ही चौकट घ्यावी, पण लेझर आणि कमान नसलेली. तशी साधी जोडणी याहून कितीतरी स्वस्तात मिळते. सोबत अर्धा मिलिमीटरच्या पट्ट्यांचे तीन-चार जोड जास्तीचे मागवावेत, ०.७ च्या घेऊ नयेत आणि उरलेल्या पैशांत चांगला संरक्षक चष्मा घ्यावा. मामांनी चौकट नको म्हटले. पातळ पट्ट्यांचे दोन जोड मात्र त्यांनी माझ्याकडून मागवून घेतले, काळ्या ट्यूबच्या जागी आपल्या चिंचेच्या बेचकीला बांधले, आणि गेल्या रविवारी फोनवर सांगितले की हात अजून दीड वीतच सोडतो आहे, बाटली मागे राहते.